साहेब खिंडीत थांबलाय

आमच्या लालबागच्या चाळीत नवीन पोस्टमन आला की पहिल्याच आठवड्यात तो चक्रावतो. जिन्यातून कुणीतरी ओरडतं, "तात्या, साहेब कुठे पोचला?" आणि शेवटच्या खोलीतून उत्तर येतं, "अजून नदीच्या अलीकडेच रे! खेचरं पाण्यात उतरत नाहीयत." पोस्टमनला वाटतं, चाळीतला कुणी बडा अधिकारी भलत्याच संकटात सापडलाय. सापडलेला असतोच, फक्त दीडशे वर्षांपूर्वी.

तात्या कोचरेकर माझगावला बंदराच्या ऑफिसात कारकून होते. जन्मभर जहाजांवर चढणाऱ्या मालाची नोंद केली, पण स्वतः गावच्या एसटीपलीकडे कशात बसले नाहीत. ऑफिसने जुनी पुस्तकं काढून टाकली तेव्हा त्यांना एका गोऱ्या प्रवाशाची रोजनिशी मिळाली. हा गृहस्थ हमाल, खेचरं आणि एक खानसामा घेऊन हिमालयापलीकडच्या सरहद्दीवर भटकला होता. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी तिचं मराठी भाषांतर सुरू केलं. भाषांतर आपलं निमित्त. तात्यांचा खरा जीव तळटिपांत. चाळीत कुणाचं भांडण झालं, कुणाची मुलगी परजातीत पडली, की चष्मा कपाळावर चढवून म्हणणार, "याला टीप लागेल."

आणि स्वतः खात्री केल्याशिवाय टीप द्यायची नाही, हा बाणा. साहेबाने तिकडे मीठ आणि लोणी घातलेला चहा घेतला होता. तात्यांनी तो आपल्या गॅसवर उकळवला आणि पहिला कप माझ्या आईला दिला. आईने एक घोट घेतला. "तात्यानु, ही च्या नाय, कढी आसा. भातार वाढा." तात्यांनी ते तसंच्या तसं टिपेत घातलं : 'लालबागच्या एका जाणत्या गृहिणीच्या मते हे पेय भातावर घेण्याजोगे आहे.'

साहेबाने दोराला झोळी टांगून नदी ओलांडली, तेव्हा यांनी आमच्या गॅलरीतून समोरच्या गॅलरीत दोर बांधला आणि झोळीत बटाटे घालून सोडले. बटाटे मधेच सेक्रेटरींच्या नव्या स्कूटरवर कोसळले. सेक्रेटरी तणतणत वर आले. तात्यांचा चेहरा आनंदाने फुललेला. "अहो, साहेबाचंही पीठ असंच पडलं होतं!"

दुपारी चारला तात्या आमच्याकडे येत आणि सकाळी झालेली पानं आईला वाचून दाखवत. आई चौथीपर्यंत शिकलेली. ती जिथे अडेल तिथे टीप, हा त्यांचा नियम. एकदा तिने विचारलं, "त्या खानसाम्याची बायल खंय होती इतके दिवस?" तात्या महिनाभर लायब्रऱ्या पालथ्या घालत होते. शेवटी टीप दिली : 'खानसाम्याच्या कुटुंबाविषयी साहेब काहीही सांगत नाही. ही साहेबाची चूक आहे.' तात्यांची बायको ऐन तरुणपणी गेली, मूलबाळ नाही. त्यामुळे असेल, पण त्या टिपेवर ते फार खूश होते.

गेल्या वर्षी दादरच्या एका प्रकाशकाने पुस्तक छापायचं कबूल केलं. अट एकच, गणपतीपूर्वी सगळं लिखाण हातात हवं. साहेब शेवटच्या खिंडीत आला होता, थोडीच पानं उरली होती. नेमकी तेव्हाच आई आजारी पडली आणि परळच्या इस्पितळात दाखल झाली. मी एकटी मुलगी. ऑफिस, औषधं, डॉक्टर यांत माझी त्रेधातिरपीट उडाली.

तात्या रोज सकाळी थर्मासमध्ये पेज घेऊन हजर. मी घरी जाऊन आंघोळ करून येईपर्यंत ते आईच्या उशाशी बसत. आई बहुतेक वेळ गुंगीत. मी विचारायची, "तात्या, साहेब?" ते म्हणायचे, "खिंडीत थांबलाय." मला वाटलं, एखादा कठीण शब्द अडला असेल.

मग एके दिवशी वॉर्डाबाहेर त्यांना फोनवर प्रकाशकाशी बोलताना ऐकलं. "नाही जमणार... नाही हो, माझी तब्येत ठणठणीत आहे. माझा वाचक अ‍ॅडमिट आहे... दुसरं पुस्तक घेताय? घ्या."

मी हादरले. इतक्या वर्षांची मेहनत! "तात्या, असं काय करता? देऊन टाका. आई नंतर ऐकेल."

तात्या बाकावर बसले. "बाय, पुढच्या पानावर खानसामा आजारी पडतो. साहेब त्याला एका झोपडीत ठेवतो आणि खिंड ओलांडून जातो. पुन्हा त्याचं नावही काढत नाही." त्यांनी थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "साहेब गेला. मी नाही जाणार."

मी वॉर्डात गेले आणि आईच्या पायाशी बसून रडले. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच मला एकटं वाटत नव्हतं.

आई घरी आली तेव्हा गणपतींचं विसर्जनही होऊन गेलं होतं. दुसऱ्या दिवशी चारला तात्या दारात उभे, हातात पानं, कडक इस्त्रीचा शर्ट. आईने उशीवरून मान वळवली.

"साहेब पोचलो?"

"नाय वहिनी. खिंडीतच आसा."

"इतके दिवस? थंडीत?" आईला धाप लागली, पण तिचे प्रश्न संपेनात. "साहेब जेवलो काय?"

"तो जेवलो."

"आणि तुमी?"

खेचरांच्या चाऱ्यापासून खानसाम्याच्या बायकोपर्यंत आईच्या कुठल्याही प्रश्नाला तात्या हरले नव्हते. या प्रश्नाला मात्र त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत राहिले. मी आत जाऊन ताट वाढलं. ते जेवले, आमटी दोनदा मागून घेतली.

पुस्तक अजून छापलेलं नाही. पण त्या दुपारी हात धुऊन तात्यांनी पानं उघडली, आईने डोळे मिटून "हूं" म्हटलं, आणि इतके दिवस आमच्यासाठी बर्फात थांबलेला साहेब पुढे निघाला.