हाताला पट्टी बांधलेला भाडेकरू

आमची नलूआत्या कुठल्याही पुरुषाला, त्याचा चहा संपायच्या आत, तीनपैकी एका खणात टाकून मोकळी होते: नायक, खलनायक किंवा दुसऱ्या प्रकरणात मरणारा. गॅसची टाकी आणणारा दणकट माणूस नायक. आमचे प्राचार्य एकदा घरी आले, गोड बोलले, दोन लाडू खाऊन गेले, ते खलनायक. मी तिचा सख्खा भाचा, संगमनेरच्या कॉलेजात मराठी शिकवतो, चष्मा लावतो. माझा खण मी विचारायला नको होता.

"तू व्हय? तू दुसऱ्या प्रकरणात जाशील रे सुध्या. पण चांगला माणूस हुता, असं सगळी म्हणतील."

आत्या दूध संघाच्या कचेरीतून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. आमच्या घराच्या खालच्या दोन खोल्यांत ती राहते आणि प्रेम व खून एकाच पुस्तकात असलेल्या कादंबऱ्या वाचते. दुसरं काही वाचत नाही. नायिका एकटी, बंगला आडबाजूला, नवरा परवाच बेपत्ता झालेला आणि शेजारी आलेला देखणा माणूस एक तर तिला वाचवणार किंवा मारणार. तो नक्की काय करणार हे कळेपर्यंत आत्याच्या घरातलं पिठलं तळाला लागतं.

"नुसतं प्रेम वाचलं की लगेच झोप येती," ती सांगते, "आन नुसता खून वाचला की झोप उडती. दोनी असलं म्हंजे कसं, बरोबर वेळेवर झोप येती."

एवढी नेमकी समीक्षा मला वीस वर्षांच्या नोकरीत जमलेली नाही. मी स्वतः एक गंभीर कादंबरी लिहितो आहे, बऱ्याच काळापासून. तिची पहिली चाळीसेक पानं मी मोठ्या विश्वासानं आत्याला वाचायला दिली होती. तिनं ती इमानदारीनं वाचली.

"आजून कुणी मेलं न्हाई, कुणी कुणाच्या प्रेमात न्हाई. मग ही मान्सं करत्यात काय?"

"ती विचार करतात, आत्या."

"मग करू दे की त्यांना. आपन कशाला मधी पडायचं?"

त्या अपमानाचा वचपा काढायचा म्हणून मी तिच्याकडची एक कादंबरी उचलली. लोकप्रिय साहित्याच्या उथळपणावर एक खरमरीत लेख लिहायचा बेत होता. टिपणं काढायला पेन्सिलही घेतली. तिसऱ्या प्रकरणात पेन्सिल कुठे गेली ते कळलं नाही, आणि पाचव्यात माझा बारावीचा तास बुडाला. मग मी पुस्तकाला समीक्षेच्या ग्रंथाचं वेष्टन चढवून स्टाफरूममध्ये वाचू लागलो. प्राचार्यांनी विचारलं, "काय वाचताय?" मी म्हणालो, "सौंदर्यशास्त्र." ते अगदीच खोटं नव्हतं. नायिका नुकतीच आरशासमोर बसली होती.

लेख राहिला तो राहिलाच. मी आत्याकडून दुसरी कादंबरी घेऊन आलो.

अशात आमच्या वरच्या खोलीत देशमाने नावाचे भाडेकरू आले. सोनईकडचे, जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त, बायको वारलेली, मुलगी-जावई सुप्याला कारखान्यात. सडसडीत, पांढराशुभ्र सदरा, बोलणं 'राम राम' एवढंच. एक दिवसाआड सकाळी एक कापडी पिशवी घेऊन ते रिक्षानं कुठेतरी जायचे आणि दुपारी परत यायचे तेव्हा चेहरा उतरलेला आणि डाव्या हाताला पट्टी.

आत्याच्या लेखी भाडेकरू नव्हे, प्रत्यक्ष कादंबरीच वरच्या मजल्यावर राहायला आली.

"लई सरळ दिसतोय," ती म्हणाली. "म्हंजे वाकडा हाय. आन दर वेळी त्याच हाताला कसं लागतंय रे?"

"पडत असतील."

"एक दिवसाआड? ठरवून?"

खरं सांगायचं तर मलाही ते जाणून घ्यायचं होतं. दहा कादंबऱ्यांपूर्वी मी तिला समजावलं असतं. आता मी किरकोळ रजा टाकली.

पाठलागाच्या दिवशी आत्यानं कॉलेजच्या पोरी बांधतात तसा डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधला, वर काळा गॉगल. मी हेल्मेट घातलं, जे मी एरवी फक्त पोलीस दिसल्यावर घालतो. स्कूटीवर मागे बसून ती माझ्या बरगडीत बोट खुपसून आज्ञा देत होती. "जवळ नगं जाऊ. लांब नगं राहू." बस स्टँडच्या अलीकडे दोन ओळखीच्यांनी आम्हाला हात केला, एकानं तर "काय नलूताई, कुठं?" असंही विचारलं. वेषांतराचा बोजवारा उडाला होता, पण माघार घ्यायला आम्ही तयार नव्हतो.

रिक्षा एका दवाखान्याच्या मागच्या दारी थांबली. देशमाने आत गेले. थोडं थांबून आम्हीही गेलो.

"कुनाला तरी भेटाया आलाय," आत्या कुजबुजली. "आता पिशवीची आदलाबदल हुईल बघ."

आम्ही काचेच्या दारातून डोकावलो. ओळीनं खाटा होत्या, प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र. देशमाने एका खाटेवर डावा हात लांब करून पडले होते. त्या हातातून निघालेल्या नळ्यांमधून त्यांचं रक्त यंत्रात जात होतं आणि यंत्रातून परत येत होतं. डायलिसिस. पिशवीतून बाहेर आलेली चादर त्यांच्या पायांवर होती.

"हेल्मेट काढा," मागून सिस्टर म्हणाली. "पेशंटचे कोण तुम्ही?"

मी तोंड उघडलं, पण हेल्मेटच्या आत आवाज अडकला. आत्यानं गॉगल काढला.

"घरचेच हाओत," ती म्हणाली.

देशमान्यांनी मान वळवली. आम्हाला दोघांना नीट बघितलं. "राम राम," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सर, सांगनारच हुतो. याच्या आधी एका घरमालकानं आजार ऐकला आन खोली न्हाई म्हनला. म्हनलं, आधी थोडं ऱ्हाऊन दाखवावं."

मला त्या हेल्मेटमध्येच राहावंसं वाटलं. आत्या मात्र स्टूल ओढून बसली होती.

"आन चार चार तास करता काय हितं?"

"छत बघतो. चांगलं हाय छत."

आत्यानं आपल्या पर्समधून कादंबरी काढली. "कानानं ऐकू येतंय ना नीट?" असं विचारून तिनं पहिल्या पानापासून सुरुवात केली.

त्या दिवसापासून रिक्षात दोघं जाऊ लागले. शेजारच्या खाटांवरची माणसं आधी कुरकुरली, मग "जरा मोठ्यानं वाचा की बाई" म्हणू लागली. बंगल्यात खून कुणी केला यावरून एका हॉटेलवाल्यात आणि एका निवृत्त कंडक्टरात वाद झाला. सिस्टरनं दोघांचं ब्लडप्रेशर पुन्हा मोजलं. देशमाने वाद घालत नसत. ते फक्त संध्याकाळी जिन्यात मला गाठून हळूच विचारायचे, "सर, तुमी वाचलंय म्हने. तो डॉक्टर चांगला हाय का वाईट?" मी सांगत नसे. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी माझ्या वाचनाची गरज होती, ती इतक्या सहज संपवायची नव्हती.

आणि मग एके सकाळी देशमान्यांनी खोलीचं दार उघडलं नाही. आत्या रिक्षा थांबवून खाली उभी. तिनं हाक मारली तर आतूनच म्हणाले, "आज येत न्हाई. परवाबी न्हाई. पुरं झालं आता." त्यांच्या मुलीचा सुप्याहून मला फोन आला, तिनं खूप विनवण्या केल्या होत्या, बाबा ऐकत नव्हते. ती निघाली होती, पण रस्ता लांबचा. तोवर काहीतरी करा, म्हणाली.

मी वर गेलो. प्राध्यापक माणूस, दारासमोर उभा राहून बोललो. जगण्याचं मोल, माणसाची जिद्द, मुलीबद्दलचं कर्तव्य. बराच वेळ बोललो. चांगलं बोललो असं मला वाटत होतं.

"सर," आतून आवाज आला, "तुमचं झालं असंल तर जिन्याचा दिवा बंद करून जा."

आत्या धापा टाकत वर आली. मला हातानं बाजूला केलं, वरच्या पायरीवर बसली आणि पुस्तक उघडून मोठ्यानं वाचू लागली. नायिका अंधाऱ्या बंगल्यात शिरली होती. पायरी पायरी उतरत तळघराकडे निघाली होती. मी तेच पुस्तक वाचलं होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

"...तिनं कुलूप उघडलं. आत पाऊल टाकलं. एवढ्यात मागून तिच्या खांद्यावर एक हात पडला. ती गर्रकन वळली. तो चेहरा बघताच तिच्या तोंडून नाव निघालं..."

आत्यानं पुस्तक मिटलं.

आत खाट करकरली.

"कुनाचा हात?"

"रिक्षा खाली उभी हाय," आत्या म्हणाली.

"अवो बाई, हात कुनाचा हुता?"

"दवाखान्यात सांगते."

थोड्या वेळानं कडी वाजली. देशमाने दारात उभे होते, सदऱ्याची बटणं एक घर चुकून लावलेली. आत्यानं पुढे होऊन पिशवी त्यांच्या हातातून घेतली आणि आधी ती उतरू लागली.

त्यानंतर एका दुपारी मी कॉलेज आटोपून आत्याला आणायला दवाखान्यात गेलो. देशमाने झोपलेले होते. हॉटेलवाला घोरत होता, कंडक्टरची खाट रिकामी होती. कुणीही ऐकत नव्हतं आणि आत्या वाचत होती, अगदी हलक्या आवाजात. वाचता वाचता तिनं न बघता हात लांब करून त्यांच्या पायांवरची चादर नीट केली.

मी जवळ जाऊन म्हणालो, "झोपलेत ते. कशाला घसा कोरडा करतेस? थांब की."

तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"आवाज थांबला की जागं हुत्यात," ती म्हणाली, आणि पुढची ओळ वाचू लागली.