पांघरुणातलं पातेलं

सकाळी दहाच्या सुमाराला स्टोअरबाबूंनी उकळतं पातेलं शेगडीवरून उतरवलं, जाड फडक्यात धरून झोपायच्या खोलीत नेलं आणि पलंगावर बायकोच्या जागी अलगद निजवलं.

पातेल्यात रात्रभर भिजवलेला घेवडा होता. दाणे दहा मिनिटं खळखळून उकळायचे, गॅस बंद करायचा आणि पातेलं पांघरुणात गुंडाळून चार-पाच तास विसरून जायचं, आतल्या उबेवर ते आपोआप शिजतात, असं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. बाबूंनी पातेल्याला आधी टॉवेल लपेटला. झाकणातून वाफ जाऊ नये म्हणून वरून बायकोचा लोकरी स्कार्फ घट्ट बांधला. पातेलं कलंडू नये म्हणून त्याला टेकून पायथ्याकडे लांब तक्क्या लावला आणि या सगळ्यावर दोन गोधड्या घातल्या. पंखा बंद केला. वाऱ्याची झुळूक नको म्हणून पडदेही ओढून घेतले. मग दारातून मागे वळून त्यांनी समाधानाने पाहिलं. पलंगावर कुणीतरी स्कार्फ बांधून शांत झोपलंय असं दिसत होतं, पण हे त्यांच्या लक्षात यायला अजून थोडा अवकाश होता.

बाबूंची उभी हयात एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये गेली होती. पावतीशिवाय त्यांच्या खिडकीतून खिळासुद्धा बाहेर पडला नव्हता. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचंच स्टोअर केलं. साबणाच्या चिपा जुन्या मोज्यात जमा होऊ लागल्या. टूथपेस्टची नळी संपली की ती कात्रीने उभी चिरून आणखी चार दिवस चालायची. कुणी खोलीतून बाहेर पडलं की ते दिवा बंद करत. कधी कधी बाहेर पडायच्या आतच.

“अहो, मी अजून इथेच आहे,” अंधारातून बायकोचा आवाज यायचा.

“मला वाटलं निघालीस.”

पण गेले तीन आठवडे या काटकसरीला वेगळीच धार चढली होती. लेक दोन बस बदलून जावं लागेल अशा गावी नोकरीला होती. तिने मागच्या खेपेला निर्वाणीचं सांगितलं होतं, “बाबा, हट्ट पुरे झाला. एक तर माझ्याकडून पैसे घ्या, नाही तर हे घर भाड्याने द्या आणि माझ्याकडे राहायला या.”

“दोन्ही नको.”

“मग पेन्शनीत महिना काढून दाखवा. नवा सिलिंडर आजच लागलाय ना? तो महिनाअखेरपर्यंत पुरवा. पुरला तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही पुरला, तर सामान बांधायचं.”

“लागली पैज,” बाबू म्हणाले. बायको घरी उशांचे अभ्रे शिवून दुकानाला द्यायची. ती त्या वेळी मशीनवर होती. ती मशीन जरा जास्तच जोरात चालवायला लागली.

आता महिना संपायला आठवडा उरला होता आणि सिलिंडर नुसता कलता केला तरी बाबूंच्या हाताला त्याचा हलकेपणा कळत होता. तो संपला की घर सुटणार होतं. म्हणून तर बायको अभ्रे पोचवायला बाहेर पडल्याबरोबर त्यांनी हा पातेल्याचा घाट घातला होता.

तेवढ्यात दार ढकलून सिस्टर आत आल्या. सिस्टर शेजारी राहायच्या. दवाखान्यातली नोकरी सुटली होती, पण कुणाला खोकला आला की त्यांचे कान अजून टवकारायचे. शिवाय त्या म्हणजे लेकीचं इकडचं वार्तापत्र. इकडे फोडणी करपली की वास तिकडे पोचायचा.

“वहिनी आहेत का हो?” असं म्हणता म्हणता त्यांची नजर आतल्या खोलीत गेली. “अगबाई! या वेळेला निजल्यात? बरं नाही का?”

बाबूंच्या तोंडचं पाणी पळालं. ते पातेलं आहे असं सांगावं, तर पाच मिनिटांत लेकीला फोन जाणार: तुझ्या वडिलांवर अंथरुणात स्वयंपाक करायची पाळी आलीये. म्हणजे पैज संपली आणि घरही गेलं.

“हो,” ते म्हणाले. “जराशी कणकण आहे.”

“बघू तरी.”

“नको नको, आत्ताच डोळा लागलाय!”

पण सिस्टरांना आजाऱ्यापासून अडवणं म्हणजे मांजराला दुधापासून अडवणं. त्या पाय न वाजवता आत गेल्या, अंधारात त्यांनी स्कार्फवर हात टेकला आणि झटक्यात मागे घेतला.

“कणकण म्हणता ही? अहो, अंग नुसतं भाजतंय! माझ्या सगळ्या नोकरीत असा ताप पाहिला नाही!”

“उतरेल हो. चार-पाच तासांत उतरतो.”

“चार-पाच तास? माणूस आहात की कोण? सरा बाजूला.”

सिस्टरांनी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. एका शेगडीवर वाफाऱ्याला पाणी चढलं, दुसरीवर हात धुवायला. दोन्ही ज्वाला मोठ्या. बाबूंनी हळूच एक बारीक केली, तर सिस्टर गरजल्या, “बायकोपेक्षा गॅस जास्त झाला का तुम्हाला?” बाबूंनी हात मागे घेतला. सिस्टरांनी लेकीला फोन केला. मग थंड पाण्याची घडी स्कार्फवर ठेवून झाली. दर थोड्या वेळाने त्या गोधडी वर करून ताप पाहत होत्या, आणि दर खेपेला बाबूंना आतली ऊब बाहेर पडताना जणू डोळ्यांनी दिसत होती. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर चौकशीला आला, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी सिस्टरांनी चहा टाकला. घोटभर चहासाठी पातेलंभर पाणी. बाबू शेगडीशेजारी उभे राहून ज्वालेकडे असे पाहत होते, की ड्रायव्हरचा जीव कळवळला.

“काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. माझी गाडी खालीच उभी आहे. गादीसकट उचलू आणि नेऊ दवाखान्यात.”

“उचलायचं नाही!” बाबू किंचाळले. “सांडेल!”

“काय सांडेल?”

“तिचं... तिचं डोकं फिरतंय ना. म्हणून.”

“त्यासाठीच तर न्यायचं,” सिस्टर म्हणाल्या. “तू गाडी दाराशी लाव रे. मी तोवर माझी पिशवी घेऊन येते.” दोघंही लगबगीने बाहेर पडले. आणि पुढच्याच मिनिटाला हातात भाजीची पिशवी घेतलेली, चांगली ठणठणीत बायको दारात उभी राहिली.

“हा गॅस कुणी पेटता ठेवला?” तिने पहिला प्रश्न विचारला.

“अगं, तू आजारी आहेस!”

“मी? कधीपासून?”

“दहापासून. सांगतो सगळं, आधी पलंगावर पड!”

त्यांनी दोन वाक्यांत झालेला प्रकार सांगितला. बायकोने एकदा पलंगाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्यांच्याकडे असं पाहायची ही काही पहिली खेप नव्हती. चपला काढून ती मुकाट्याने गोधडीत शिरली, पातेल्याचा स्कार्फ सोडून तिने स्वतःच्या डोक्याला बांधला आणि पातेलं पाठीमागे सरकवलं.

“भाजतंय हो.”

“जरा सोस. घराचा प्रश्न आहे.”

सिस्टर थर्मामीटर घेऊनच आल्या. त्यांनी तो लावला, खिडकीशी नेऊन पाहिला आणि पुन्हा पाहिला. “उतरला! घामही सुटलाय बघा,” त्या अभिमानाने म्हणाल्या. ड्रायव्हरला परत पाठवलं गेलं. बाबूंचा जीव भांड्यात पडला. पण भांडं अजून गोधडीत होतं आणि सिस्टर आजाऱ्याच्या उशाशी खुर्ची ओढून पक्क्या बसल्या होत्या. बायकोला ना उठता येत होतं ना कूस बदलता येत होती.

दुपारी लेक आली, ती धावतच. केस विस्कटलेले, कामावरचं ओळखपत्र अजून गळ्यात. “आई!” म्हणून तिने जी मिठी मारली, तीत आई, गोधड्या, तक्क्या सगळंच आलं. पलंगावर काहीतरी गडगडलं. झाकण खणखणत फरशीवर गेलं आणि गादीवरून कोमट, तांबूस पाण्याचा ओघळ निघाला.

“आई गं! हे काय होतंय तुला?” लेकीने विचारलं. मग स्वतःच्या बाहीला चिकटलेला दाणा तिने दोन बोटांत धरला. “बाबा, हे काय आहे?”

“घेवडा,” बाबू म्हणाले.

सिस्टरांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

“म्हणजे,” सिस्टर सावकाश म्हणाल्या, “मी सकाळपासून घेवड्याच्या कपाळावर घड्या ठेवत होते?”

“तुमच्या हाताला गुण आहे, सिस्टर. बराच निवला होता.”

लेक हसेल असं बाबूंना वाटलं होतं. ती पलंगाच्या कोरड्या कडेवर बसली आणि रडायला लागली. “दोन बस बदलून आले मी. सकाळपासून पोटात काही नाही. वाटेत काय काय मनात आलं, माहितीये तुम्हाला?”

बाबूंनी पातेलं उचललं. दाणे बहुतेक आतच राहिले होते, फक्त अर्धेकच्चे. त्यांनी त्यात पाणी घातलं, पातेलं शेगडीवर ठेवलं आणि, सिस्टरांनीही पाहिलं, स्वतःच्या हाताने गॅस मोठा केला. “आत्ता होईल बाळ. आत्ता वाढतो.”

उकळी आली. दाणे नाचायला लागले. आणि ज्वाला एकदा उसळली, लहान झाली, विझली. बाबूंनी सिलिंडर हलवूनही पाहिला नाही. स्टोअरच्या माणसाला रिकामं भांडं न उचलता कळतं.

“हरलो,” ते म्हणाले. “सामान कधी बांधायचं ते सांग.”

“आता मी बोलू का?” बायको स्कार्फ सोडत म्हणाली. “तुम्ही बापलेकींनी माझ्या शेगडीवर पैज लावलीत. मला विचारलंत? तुझ्याकडे राहायला मला आवडेल गं, चार दिवस. पाचव्या दिवशी हे तुझ्या घरातले दिवे बंद करत फिरतील आणि तू वेडी होशील. आणि हे सगळं काय फक्त पैशासाठी करतात होय? कामावर दिवसभर माणसं खिडकीशी यायची. बाबू, हे आहे का, बाबू, ते आहे का. घरात कोण विचारणार? म्हणून मीच विचारते. अहो, पांढरं रीळ कुठे ठेवलंय? अहो, सुया कुठे आहेत?”

बाबूंनी मान वर केली. “म्हणजे रीळ तुला सापडतं?”

“शिवणकाम करणाऱ्या बाईला रीळ सापडणार नाही?”

“मग रोज का विचारतेस?”

बायको गादीची ओली खोळ काढण्यात एकदम फारच गर्क झाली. लेक आईकडे पाहत राहिली, मग बाबांकडे. नाक पुसून ती उठली आणि तिने शेगडीवरचं गरम पातेलं उतरवलं.

“टॉवेल द्या. आणि कोरडी गोधडी.”

“कशाला?”

“उकळी आलीये ना? मग शिजेल. आता कुणी उघडून बघायचं नाही. सिस्टर, तुम्हीसुद्धा.” तिने पातेलं बाहेरच्या दिवाणावर नीट गुंडाळून ठेवलं आणि शेजारी बसली. “आणि बाबा, सिलिंडरचे पैसे मी देणार. थांबा, आधी ऐका. आजपासून दर रविवारी मी इथे जेवायला येणार आहे. जेवणाऱ्याने गॅसचा वाटा उचलायचा. तुमच्या स्टोअरमध्ये माल फुकट मिळायचा का?”

बाबूंना नियमात कुठे बोट ठेवायला जागा सापडेना.

“पावती देईन,” ते म्हणाले.

“द्याच.”

“दोन प्रतींत. एक स्टोअरला राहील.”

सिस्टर हसत हसत घरी गेल्या आणि थोड्या वेळाने पाव नि केळी घेऊन परत आल्या. तोवर लेक तिथेच कलंडली होती. सकाळपासूनची धावपळ एकदम अंगावर आली होती. गोधडीच्या गरम गाठोड्याला दोन्ही हातांनी कवटाळून ती गाढ झोपली होती.

दिवेलागण झाली तशी तिघं स्वयंपाकघरात बसून कोरडा पाव खाऊ लागली.

“अहो,” बायको कुजबुजली, “एव्हाना शिजला असेल. भूक लागलीये मला. तिचे हात हळूच बाजूला करा आणि पातेलं आणा.”

बाबू दिवाणाशी गेले. वाकले. लेकीच्या बोटांपर्यंत हात नेला आणि तसेच परत आले.

“तयार माल आहे,” ते म्हणाले. “पण आज देता येणार नाही.”

“अहो, तिची शेवटची बस चुकेल ना.”

बाबूंनी केळ्याचं साल काढून अर्धं केळं बायकोच्या हातावर ठेवलं.

“चुकू दे,” ते म्हणाले.