आप्पासाहेबांची बोलणी

आरूनं आतनं कडी घातली आणि मी भाईरच ऱ्हायले. पोर अडीच वर्साची, आत गॅसवर दूध, आणि गल्लीभर घराघरातल्या यंत्रमागांचा खडखडाट. मी दार बडवतीया, वरडतीया, पण तिला काय ऐकूच जाईना. आमचं मालक पहार घिऊन आलं, दार फोडतो म्हणालं.

तेवढ्यात समोरचं आप्पासाहेब आलं. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. उंबऱ्याभाईर थांबून इचारलं, आत येयाला परवानगी हाय का. अशा येळंला बी.

माणूसच तसलं. ह्याच वडगावात इणकराच्या घरात जलमलं, हवाईदलात विमानं चालवली, मग परदेशात आपल्या वकिलातीत मोठं साहेब झालं. बायको गेल्यावर बापाच्या घरात येऊन ऱ्हायलं, पण सवय जाईना. नळावर बायका भांडल्या की मधी खुर्ची टाकून बसणार, दोघींना चहा पाजणार, आणि म्हणणार, "दोन्ही बाजूंना कायतरी मिळाया पायजे." एकदा गल्लीतल्या दोन कुत्र्यांची हद्द बी खांबापास्नं वाटून दिलती. आमी लई हसायचो.

त्यांनी पहार खाली ठेवाया लावली. पोर दाराला चिकटूनच उभी असंल, म्हणालं. मग घरोघर माणसं पळवून सगळं माग बंद करवलं. भर दुपारी गल्ली एवढी गप झालेली मी लगीन झाल्यापास्नं बघितली न्हवती. आतनं आरूचं हुंदकं ऐकू आलं.

आप्पासाहेब फरशीवर मांडी घालून बसलं.

"आरूबाई, तुमची अट काय?"

"बिक्कीट."

"मंजूर. आता कडीचं शेपूट वर करा. सावकाश. आता भिंतीकडं वडा."

विमान उतरवाया सांगावं तसा आवाज. कडी दोनदा निसटली. करपल्याचा वास सुटला. मालकांनी परत पहार उचलली. मी त्यांचा हात गच्च धरला, का धरला कुणास ठावं.

कडी पडली. आप्पासाहेबांनी गॅस बंद केला आणि मी पोरीला छातीशी धरून रडाया लागले.

मग बिस्कीट आलं. आरू त्यांच्या मांडीवर बसली आणि चालूच झाली, मांजर, भूभू, काय काय. आप्पासाहेबांची नातवंडं परदेशात, फोनवर दिसत्यात तेवढीच. दारादारात माणसं खोळंबलीती, माग कधी चालू करू म्हणून. आप्पासाहेब वर न बघताच मला म्हणालं, "सूनबाई, माग जरा थांबूनच लावा म्हणून सांगता काय? बोलतीया ती."

पोर तर खिदळत हुती. मी भाईर जाऊन सगळ्यांस्नी सांगितलं, अजून लई घाबरलीया, थोडं थांबा.

तुमी काय केलं असतं?