दिगूमास्तरांची युनिव्हर्सिटी

आमच्या रत्नागिरीच्या मांडवीत दिगूमास्तरांकडे गेलेला पाहुणा चहा मिळेपर्यंत नव्हे, पानं सुकेपर्यंत बसायचा. त्यांच्या पडवीत दोन जाड फळ्या असत, फळ्यांमध्ये टीपकागद आणि टीपकागदांत कुठल्या तरी झाडाच्या फांद्या. वरच्या फळीवर घोंगडी टाकून मास्तर म्हणायचे, "बस हो. आणि उगाच हालू नको." मी तेव्हा कोर्टात नवा कारकून होतो आणि अंगानं चांगला भरलेला. त्यामुळे माझ्यावर त्यांचा विशेष लोभ. जातो म्हटलं की माझा खांदा दाबून पुन्हा खाली बसवीत. "अरे, तुझं वजन युनिव्हर्सिटीच्या कामी येतंय. आणखी काय हवं तुला?"

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. बायको प्लेगात गेली, मूलबाळ नव्हतं. एकदा सड्यावरच्या कातळात उगवलेल्या एका निळ्या फुलाचं चित्र काढून त्यांनी ते युनिव्हर्सिटीला धाडलं. कुणी उत्तर देईल असं आम्हां कुणालाच वाटलं नव्हतं. पण तिथल्या प्रोफेसरांनी उत्तर दिलं, सोबत टीपकागदांचा गठ्ठाही पाठवला. कोकणातल्या देवरहाट्या तुटून जायच्या आत तिथली झाडं नोंदवून ठेवायचं काम युनिव्हर्सिटीनं काढलं होतं, त्यात मदत कराल का, असं विचारलं होतं. झालं! त्या दिवसापासून मास्तर युनिव्हर्सिटीचे झाले. पावसाला उशीर झाला तरी म्हणायचे, "युनिव्हर्सिटीला कळवायला हवं."

त्यांच्या वाट्याला संगमेश्वराकडची एक देवरहाटी आली. देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथली वाळकी काटकीसुद्धा देवाला विचारल्यावाचून उचलायची नाही. आणि युनिव्हर्सिटीला तर प्रत्येक झाडाच्या तीन तीन फांद्या हव्या. तिथला धोंडू गुरव देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल घ्यायचा. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मास्तर टोपी हातात घेऊन तासन्‌तास उभे. शेवटी धोंडू म्हणायचा, "मास्तरांनू, देवान दोनच दिल्यान. तिसरीला डावा पडला." मास्तरांनी तसंच कळवलं: 'दोन फांद्या पाठवीत आहे. तिसरीबाबत देवास पुन्हा विचारतो.' प्रोफेसरही त्यांच्यासारखेच असले पाहिजेत. त्यांचं उत्तर आलं, 'देवाच्या निर्णयाबद्दल युनिव्हर्सिटीची तक्रार नाही. घाई करू नये.'

पावसाळ्यात मास्तर कागद चुलीवरच्या माळ्यावर सुकवीत, आणि तिथंच हर्ण्याहून आणलेले सुके बांगडे टांगलेले. त्या वर्षी पत्र आलं, 'नमुने उत्तम आहेत, परंतु आमच्या विभागातले मांजर कपाटापासून हलत नाही.' हे पत्र मास्तरांनी सगळ्या आळीला वाचून दाखवलं. पोस्टमन आळीत वळला की ते आधीच पायरीवर येऊन उभे असत. त्यांना पत्र लिहिणारं जगात दुसरं कुणी नव्हतं, हे आम्हांला ठाऊक होतं. म्हणून त्या पत्रांची आम्ही कधी फार थट्टा केली नाही.

काही वर्षांनी ती यादी पुरी झाली. छापून आली तेव्हा तिथल्या गावकऱ्यांनी ती देवरहाटी तोडायला आलेल्या लाकडाच्या ठेकेदारापुढे धरली आणि त्याला परत धाडला. आम्ही मास्तरांकडे पेढे मागितले. मास्तर यादी पुन्हा पुन्हा चाळत म्हणाले, "एखादं झाड राहिलं असेल रे. बघायला हवं." त्यानंतरही त्यांची पुडकी दर महिन्याला टपालात पडत राहिली. अजून काही सापडत असेल, असं मी समजलो.

पुढे कोर्टाच्या कामानं मी आगबोटीनं मुंबईला गेलो आणि सहज म्हणून युनिव्हर्सिटीत डोकावलो. जुने प्रोफेसर गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या तरुण साहेबांनी मी रत्नागिरीचा म्हटल्यावर एक खण उघडला. आत मास्तरांचे कागद होते आणि प्रत्येकावर त्यांच्या वळणदार अक्षरात तोच मजकूर: 'हे झाड कोणते ते कृपया कळवावे. उत्तराची वाट पाहतो.'

मी एक कागद उचलला. आत रुईचं पान होतं. दुसऱ्यात करवंद. तिसऱ्यात पुन्हा रुई.

"आमच्या प्रोफेसरांनी दर वेळी उत्तर दिलं," साहेब म्हणाले. "पण कोकणातल्या माणसाला रुई ओळखू येत नाही? मी आता हा पत्रव्यवहार बंद करावा म्हणतो."

दर शनिवारी स्वतः रुईची माळ ओवून मारुतीला घालणारा माणूस डोळ्यांपुढे आला.

"नाही ओळखत हो," मी म्हणालो. "म्हातारे झालेत, विसरतात. तुम्ही कळवत जा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दौत पुढे ओढली.

मी घरी परतलो त्याच आठवड्यात मास्तर पत्र हलवीत आमच्या अंगणात आले. चेहरा नुसता फुलला होता.

"ऐकलंस का? युनिव्हर्सिटीचं पत्र आलं. ती रुईच निघाली हो!"

"काय सांगता!" मी म्हटलं, आणि त्यांना बसायला पाट दिला.