दोन शेवटांचा सिनेमा

सिनेमातली माणसं आणि आपल्यासारखी माणसं यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या दुकानातून कुणाचा चष्मा बाहेर पडत नसे. गिऱ्हाईक हनुवटी यंत्रावर टेकवून बसलेलं असायचं. त्यामुळे त्याला मान हलवून नाही म्हणायचीही सोय नव्हती.

"सिनेमातला थोरला भाऊ बघा," ते भिंग बदलत म्हणायचे. "धाकट्यानं मागायच्या आत घर देऊन मोकळा होतो. कोण देतं हो असं? खालची ओळ वाचा."

गिऱ्हाईक मुकाट्यानं खालची ओळ वाचायचं.

थोरल्या-धाकट्याचा विषय त्यांना उगीच सुचत नसे. त्यांचा धाकटा भाऊ बायको आणि दोन जुळ्या मुलींसह त्याच घराच्या मागच्या एका खोलीत राहत होता आणि तीन वर्षं माडीवरची खोली मागत होता. मुली सातवीत गेल्या होत्या. एकीनं वह्या पसरल्या की दुसरीला पलंगावर उभं राहावं लागे. माडीवर मात्र जुन्या फ्रेमांचे खोके ऐसपैस नांदत होते.

"मालाला जागा लागते रे," चष्मेवाले भावाला समजावायचे. "आणि उद्या पाहुणे आले तर?" तीन वर्षांत पाहुणे काही आले नव्हते, आणि आले असते तर त्यांना खोक्यांवरच झोपावं लागलं असतं.

अशात एकदा थिएटरचे मॅनेजर नंबर वाढलाय का ते बघायला दुकानात आले. एका नव्या कौटुंबिक सिनेमाचे दोन शेवट तयार होते आणि कुठला ठेवायचा यावरून निर्माता आणि दिग्दर्शिका यांची जुंपली होती. म्हणून रविवारी सकाळी लोकांना दोन्ही शेवट दाखवायचे आणि हात वर करून मत घ्यायचं ठरलं होतं.

"मत घ्यायच्या आधी एखाद्या सामान्य माणसानं माइकवर दोन शब्द बोलावेत, असं बाईंचं म्हणणं आहे," मॅनेजर म्हणाले. "तुमच्याइतका सामान्य माणूस मला दुसरा कुठं मिळणार?"

दुसऱ्या कुणाला हा अपमान वाटला असता. चष्मेवाल्यांची छाती फुगली. "येतो. घरादाराला घेऊन येतो. या सिनेमावाल्यांना एकदा तोंडावर सुनावतोच."

रविवारी अख्खं घर एका रांगेत बसलं. सिनेमा दोन भावांचा आणि त्यांच्या घराच्या वरच्या मजल्याचा निघाला. पहिल्या शेवटात थोरल्यानं धाकट्याच्या हातात किल्ली ठेवली, दोघं गळ्यात पडले आणि व्हायोलिनं अशी रडू लागली की निम्म्या थिएटरनं रुमाल काढले. "शुद्ध थापा," चष्मेवाले बायकोच्या कानात म्हणाले.

मग दुसरा शेवट लागला. यात थोरला खुर्चीत रेलून शांतपणे नाही म्हणाला. "मालाला जागा लागते रे. आणि उद्या पाहुणे आले तर?"

चष्मेवाल्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"काय मेला माणूस आहे," मागच्या रांगेतली बाई म्हणाली. कुणीतरी शिट्टी मारली. कुणी म्हणालं, "ह्यालाच कोंडा त्या मजल्यावर." मग क्षणभर शांतता झाली, आणि नेमकी तीच वेळ साधून जुळ्यांपैकी एकीनं खणखणीत आवाजात विचारलं, "काका, हा तुमच्यासारखाच कसा काय बोलतो?"

पुढच्या तीन रांगा मागं वळल्या.

दिवे लागले. दिग्दर्शिकाबाई माइक घेऊन थेट चष्मेवाल्यांपाशी आल्या. "सांगा, सामान्य माणूस खरा कसा असतो? पहिल्या शेवटातल्यासारखा की दुसऱ्या?"

उत्तर वीस वर्षं तयार होतं. दुसरा! तेच ठणकावून सांगायला ते उठले. पण मागची बाई त्यांचा चेहरा नीट दिसावा म्हणून पुढं वाकली होती. बायको पडद्याकडे बघत होती, आणि पडदा तर कधीच कोरा झाला होता. भावानं मान खाली घातली होती. चष्मेवाल्यांनी माइक तोंडाशी ओढला.

"पहिला," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मा कितीही छान बसला तरी गिऱ्हाईक कधी टाळ्या वाजवत नाही. चष्मेवाल्यांना ही चवच नवी होती, आणि त्यांना ती आणखी हवी झाली.

"आपण देणारी माणसं," त्यांचा आवाज चढला. "माझ्याच घरचं सांगतो. माडीवर एक खोली आहे. ती या माझ्या धाकट्या भावाची. आजपासून!"

थिएटर उभं राहिलं. दिग्दर्शिकाबाईंनी डोळे पुसले. पहिल्या शेवटासाठी झाडून सगळे हात वर गेले. बाहेर पडताना मॅनेजरनी त्यांचा हात हातात घेऊन सांगितलं, की भाषणाचं चित्रण झालंय आणि सिनेमाच्या जाहिरातीत तेच दाखवणार आहेत.

घरी येईपर्यंत टाळ्या ओसरल्या होत्या. बोललो ते बोललो, पण महिनाभर थांबायला काय हरकत आहे, असा विचार करत चष्मेवाले पाणी पीत होते. तेवढ्यात बायकोनं माडीची किल्ली समोर ठेवली.

"थिएटरसमोर दिलीत ना? आता घरासमोर द्या. तो वर दाराशी उभा आहे."

जिना चढताना मात्र त्यांना खरोखरच भरून आलं. तीन वर्षं आपण हे का केलं नाही, असंही वाटून गेलं. वर पोचल्यावर त्यांनी पडद्यावर पाहिलं होतं तश्शी भावाच्या तळहातावर किल्ली ठेवली, डोळे जरा ओले होऊ दिले आणि मिठीसाठी दोन्ही हात पसरले.

भाऊ कुलूप काढून आत गेला. चष्मेवाले हात पसरून उभेच राहिले. मिनिटभरानं भाऊ बाहेर आला आणि त्यानं त्या पसरलेल्या हातांवर हनुवटीपर्यंत खोके रचले.

"जिना सांभाळून उतर, दादा," तो म्हणाला. "आणि वर येताना झाडू आण."