अर्ध्या सूर्याची फत्ते

ज्या साली थोरल्या साडूंच्या लेकीस जुळ्या मुली जाहल्या आणि दोन्ही घरांत कोणाचीच झोप धड राहिली नाही, त्या सालची ही हकिकत. सूर्यमहाराज, ज्यांच्या दौलतीस रोजची संध्याकाळ वगळता अस्त नाही, त्यांचे सुभे दोन, उत्तर आणि दक्षिण. त्यांवर नजर ठेवावयास टेकडीवरच्या वेधशाळेत दोन टेबले, आणि टेबलांवर दोन साडू, उत्तरेस थोरले, दक्षिणेस धाकटे. काम इतुकेच की दुर्बिणीतून कागदावर पडलेल्या सूर्याच्या गोळ्यावर जे काळे डाग दिसतील, ते ज्याने त्याने आपल्या अर्ध्यात पेन्सिलीने उतरवावे.

त्या साली उत्तरेस डागांची फौज लोटली आणि दक्षिण मात्र धुतल्या ताटासारखी. थोरले दिवसभर पेन्सिली झिजवीत आणि धाकटे त्यांस टोक काढून देत. मग थोरल्यांनी भर चहाच्या वेळी विचारिले, "साडूभाऊ, तुमचा सूर्य रजेवर आहे का?" आणि अवघी कचेरी हसली.

मग हुजूर संचालकसाहेब, ज्यांनी सूर्य बहुतकरून खिडकीच्या पडद्याआडूनच पाहिला होता, त्यांनी फर्मान काढिले जे, थंडी सरेतो दक्षिणेत डाग न दिसल्यास ते टेबल मोडीत काढावे आणि धाकट्यांस मोडक्या खुर्च्यांच्या कोठीवर रवाना करावे. धाकट्यांनी अर्ज केला की सूर्याचे दोन्ही अर्धे एका तालात चालत नाहीत, एक आधी भरास येतो आणि दुसरा कधी वर्ष, कधी दोन वर्षे मागून, सबब धीर धरावा. हुजुरांनी अर्जावर सही केली. वाचला नाही.

ही नामुष्की घरी पोहोचली, तेव्हा धाकट्यांच्या कुटुंबाने जुळ्यांपैकी एकीस कडेवर घेऊन थोरल्यांस तोंडावर सुनाविले, "भावोजी, तुमची एक नात रांगायला लागली, दुसरी अजून पालथीसुद्धा पडत नाही. मग दुसरीला काय अडगळीत टाकायची?" थोरल्यांनी नात आपल्याकडे घेतली, परंतु तोंडाने हार मानणे त्यांच्या स्वभावी नव्हते.

आणि दुर्बिणीस एक काचेचा लोलक असे, जो सूर्याची उलटी प्रतिमा सुलटी करी. मुदतीस थोडे दिवस उरले असता थोरल्यांनी तो पुसावयास काढिला, रुमालात गुंडाळिला, आणि मग चहाची हाक आली म्हणोन तैसाच खिशात घालून गेले. दुसरे दिवशी पाहतात तो अवघी फौज दक्षिणेत उतरलेली आणि उत्तर ओस! हुजूर धावत आले आणि वरिष्ठांस तत्काळ खलिता धाडिला की आमच्या कडक फर्मानाने दक्षिण जागी जाहली, आणि धाकट्यांचे टेबल बचावले.

परंतु धाकट्यांनी ओळखिले, ही तर कालचीच रांग, डोके खाली आणि पाय वर. बोलावे तर कोठी, न बोलावे तर खुर्ची. दुपारचा डबा त्यांनी उघडिलाच नाही. मग उठले आणि थोरल्यांपुढे हात पसरून म्हणाले, "साडूभाऊ, लोलक कुठे ठेवलात? हे डाग तुमचे आहेत, माझे नाहीत."

लोलक बसला आणि फौज उत्तरेस परतली आणि दक्षिण पुनश्च कोरी. हुजूर बहुत संतापले. परंतु खलिता गेला होता, वरून शाबासकीही आली होती, आणि हुजुरांच्या पराक्रमाने राखिलेले टेबल हुजुरांनीच मोडावे कैसे? म्हणोन टेबल राहिले. आणि धाकटे रोज कोऱ्या अर्ध्यासमोर बसत, 'डाग नाही' लिहीत आणि खाली सही करीत.

ऐसे दीड वर्ष गेले. मग धाकटे आजारी पडोन इस्पितळात असता दक्षिणेत डाग उठला, मग दुसरा, मग रांगच लागली. थोरल्यांनी ती स्वहस्ते उतरविली आणि कागद घेऊन इस्पितळ गाठिले. धाकट्यांनी उशीवरूनच कागद न्याहाळिला आणि विचारिले,

"सरळ धरलाय ना?"

"लोलक जागेवर आहे," थोरले म्हणाले. "दोनदा बघून आलो."

येणेप्रमाणे दक्षिण फत्ते जाहली. वरच्या दफ्तरी ती हुजुरांच्या नावे नोंदली आहे. धाकटे साडू त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी वारले.