कारभारीमामांची मुशी

शाळेच्या सहलीबरोबर समुद्रावर गेलो होतो, तेव्हा एका होडीवाल्याच्या टोपलीतला हातभर लांब मासा उचलून मी फोटो काढून घेतला. खाली लिहिलं, 'शार्कशी झुंज!' आणि दिला सासुरवाडीच्या ग्रुपवर टाकून. माध्यमिक शाळेतल्या कारकुनाला झुंजीचे प्रसंग कमी येतात, म्हणून जरा हौस.

पाच मिनिटांत फोन. घोडेगावहून. बायकोचे कारभारीमामा.

"जावईबापू, फोटू पाहिला. झुंज कुनाशी झाली म्हनता?"

"शार्कशी, मामा. म्हणजे मुशीशी."

"मिशा दिसत्यात."

"शार्कला मिशा नसतात?"

"एखाददुसऱ्या जातीला असत्यात. पर ह्यो शिंगाळा हाय. बाजारात म्हस दाखवून घोडा म्हनाल तर लोकं पागुट्यानं हानतील." आणि शेवटी जरा मऊ आवाजात, "दात पाहिले व्हते का? दाताबिगर बात न्हाई."

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर माझं नाव शिंगाळेसाहेब पडलं होतं.

आता घोडेगाव समुद्रापासून किती लांब, हे नकाशा न बघताही सांगता येईल. तिथला माणूस पाण्याबद्दल बोलतो तेव्हा बोअरबद्दल बोलतो. मामांचं सगळं आयुष्य जनावरांच्या बाजारात गेलं. बैलाचा जबडा अंगठ्याने उघडायचा, आत एक नजर टाकून दातांवरून वय ताडायचं आणि म्हणायचं, "आदत." किंवा "दुसा." किंवा "जुळलेला, म्हातारं हाय." झालं. त्यावर अपील नाही. एकदा सख्ख्या भावाने गयावया केली, की दादा, गिऱ्हाईक उभं आहे, बैल तरणा आहे, चार दातीच आहे म्हण. मामा म्हणाले, "दात मी लावलेत व्हय त्याला?" भाऊ दोन वर्षं बोलत नव्हता.

अशा माणसाला मुशीचं वेड लागलं ते एका हसण्यामुळे.

मामांची एकुलती एक लेक आशा. राहुरीला शेतकीचं शिकताना तिचं दापोलीकडच्या एका कोळ्याच्या मुलाशी जमलं. मामांनी विरोध केला नाही. "पोरगं सरळ चालीचं हाय," म्हणाले. सुपारी फोडायला काशिनाथव्याही आले, ते बर्फाच्या खोक्यात एक अख्खी मुशी घेऊन. मांडवात भावकी, बाजारातली मंडळी, सगळी जमलेली. मामांनी खोकं उघडलं. हात सवयीने जबड्याकडे गेला. आत बघतात तर दातांच्या मागे दात, त्यांच्या मागे आणखी दात. मामांनी मान हलवली आणि निकाल दिला, "व्याही, लई म्हातारं जनावर आनलंत."

काशिनाथव्याही मोकळ्या मनाचा माणूस. पोट धरून हसला. "अवो, मुशीचे दात जलमभर पडतात नि नवे येतात. दात बघायला तो काय बैल हाय?"

मांडव हसला. सर्वांत मोठ्याने मी हसलो. माझं हसू नेहमी दुसऱ्यांचं थांबल्यावर दोन सेकंद चालू राहतं.

मामा उठून उभे राहिले. "आशाचं लगीन व्हईल, थाटात व्हईल. पर तुमच्या दारात पाय ठेवीन तो सोताच्या हातानं, काठावरनं मुशी धरून, तिला वळखून. न्हाईतर न्हाई."

लग्न थाटात झालं. मामा शब्दाचे पक्के निघाले. हीच तर पंचाईत.

दुसऱ्या महिन्यात गोठ्यात गव्हाणीच्या वर मुशींची चित्रं लागली. बैल खाली वैरण खात आणि वर बघत. मामांनी प्रत्येक जात स्वतःच्या पद्धतीने पाठ केली होती. डोकं आडवं पसरलेली असते ती: "हिच्या मानंवर जू ठेवलंय, काढायचं ऱ्हायलं." पट्ट्यापट्ट्यांची ती: "ही वाघरी, पर स्वभावानं गरीब." मुशी ओळखायच्या खुणा तर पुढे मलाही तोंडपाठ झाल्या. शेपटीचा वरचा भाग लांब. कातडीवरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर कानशीसारखी खरखरीत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, कल्ल्यांच्या पाच चिरा.

"चिरा मानंच्या बाजूला असल्या तर मुशी," मामा बोट नाचवत सांगत. "पोटाखाली असल्या, की समजायचं पाकटाची, त्या पसरट माशाची भावकी. वरनं कितीबी मुशीवानी दिसू द्या, फसायचं न्हाई."

सराव मुळा धरणाच्या काठावर. धोतर खोचून, टोपी घट्ट बसवून मामा गळ फेकत. पहिल्या दिवशी गळात माझा शर्ट आला, दुसऱ्या दिवशी एक बाभूळ. तिथले मासे धरणारे विचारत, "बाबा, काय धरताय?" मामा गंभीरपणे सांगत, "मुशी." "हितं?" "हितं न्हाई. हितं निस्तं शिकतोय."

आणि मग दरसाल कोकण. गाडी माझी, कारण हसलो मी होतो. आशाचं घर अगदी किनाऱ्यावर. ओट्यावरून हाक मारली तर वाळूत ऐकू येते. मामा त्या वाळूत, घराकडे पाठ करून गळ टाकून बसत. आशा चहा घेऊन वाळूत येई. बापलेक तिथेच बसत.

"आप्पा, पायरीवर तरी बसा. ऊन किती."

"पायरी बी दारातच मोडती, बाई."

चार वर्षांत मामांना मिळालं ते असं: शिंगाळे सहा, खेकडे मोजले नाहीत, आणि एक चप्पल. ती त्यांनी उलटीपालटी करून म्हटलं, "डावी."

यंदा मात्र आशाने चहाचा कप वाळूत ठेवला आणि सरळ सांगितलं, "आप्पा, हे शेवटचं. पुढच्या साली मी चहा घेऊन हितं यायची न्हाई. तुमी दारात येत न्हाई, तर मी वाळूत येत न्हाई. मी बी तुमचीच लेक हाय."

मामांनी गळाला नवीन आमिष लावलं. मी गळ धरू गेलो, तर म्हणाले, "सोताच्या हातानं म्हनलोय."

भरती चढत होती. दहाच्या सुमाराला दोरी अशी ताणली, की मामा बसल्या जागेवरून चार हात पुढे घसरले.

"जावईबापू, कासरा! कासरा धरा!" मग लगेच, "न्हाई, न्हाई, सोडा! मीच!"

अर्धा तास झटापट चालली. मामा त्या माशाशी बैलाशी बोलावं तसं बोलत होते. "ये रं राजा, ये… हां… हात् तुझ्या!" टोपी वाहून गेली. काशिनाथव्याही धावत आले, आशा आली, तिचा नवरा आला, माझी बायको आली. आणि लाटेबरोबर वाळूवर आली दोन हात लांबीची, करड्या पाठीची, उभ्या पंखांची, देखणी…

"मुशी!" मी ओरडलो. या कामी माझा लौकिक तुम्हाला माहीत आहेच.

मामा गुडघ्यावर बसले. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला. खरखरीत. तोंड चपटं होतं, फावड्यासारखं. त्यांनी जबडा उघडला. आत टोकदार दात नव्हतेच, नुसते वाटाण्यासारखे गुळगुळीत दाणे. मामांचा चेहरा उतरला. मानेच्या बाजू पाहिल्या. कोऱ्या. मग हळूच मासा कुशीवर कलता केला.

पांढऱ्या पोटाखाली पाच-पाच चिरा. मला दिसल्या. मामांना दिसल्या. पन्नास वर्षं मासे हाताळलेल्या काशिनाथव्याह्यांना तर मासा पाण्यात होता तेव्हाच ओळखू आला असणार.

मामांनी मान वर करून लेकीकडे पाहिलं. ती ओल्या साडीचा काठ हातात धरून उभी होती. सख्ख्या भावासाठी ज्याने दोन दात कमी सांगितले नव्हते, त्या माणसाने मासा पुन्हा पालथा केला, चिरांवर तळहात ठेवला आणि म्हणाला,

"मुशी हाय."

आवाज अगदी बारीक होता.

"कोणती, व्याही?" काशिनाथव्याह्यांनी विचारलं. विचारणं भागच होतं. मामांचा शब्दच 'तिला वळखून' असा होता.

मामा समुद्राकडे बघत राहिले. "हितलीच," म्हणाले. "ह्या किनाऱ्याची."

व्याह्यांनी खाली वाकून गळ सोडवला, मासा उचलला, कंबरभर पाण्यात गेले आणि सोडून दिला. परत येऊन म्हणाले, "अस्सल मुशी, व्याही. पिल्लू होतं, वाढू दे. चला, पाय धुवा."

"पण मामा, चिरा तर…" मी सुरुवात केली. बायकोने माझ्या पायावर तिचा पाय ठेवला. सगळा भार देऊन.

ओट्याजवळच्या नळावर मामांनी तीनदा पाय धुतले. वाळूचा कण आत जाऊ नये म्हणून धोतर झटकलं. उंबऱ्यावरून आत गेले आणि मधल्या खोलीत पाहुण्यासारखे अवघडून उभे राहिले. भर बाजारात कुणाच्याही दावणीला न विचारता शिरणारा माणूस लेकीला विचारत होता, "मी कुठं बसू?"

"कुठंबी बसा की, आप्पा," आशा म्हणाली आणि घाईने स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

मामा आठ दिवस राहतो म्हणाले. आम्ही दोघंच परत निघालो. घाट चढेपर्यंत मी दम धरला. मग राहवेना.

"खरं सांगू? ती मुशी नव्हती."

बायको खिडकीतून बाहेर बघत होती. तिने मान वळवलीसुद्धा नाही.

"मला सांगितलंत, तेवढं पुरे," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला सांगितलंत, तर माझ्या माहेरी तुम्हालाही मुशी धरूनच यावं लागेल."